फाइल तुमची, पण वाट कंपनीच्या वावरातून

समजा एखाद्या शाळेत लॅबसाठी पैसे नव्हते म्हणून कुणीतरी सगळ्या कॉम्प्युटरवर वर्ड-एक्सेलसारखंच काम करणारं लिबरऑफिस टाकून दिलं, फुकट आहे, मस्त चालतंय, पोरं टायपिंग शिकतायत, आणि मग एक दिवस वरच्या ऑफिसातून वर्डची फाइल येते, उघडून बघतात तर टेबल पानाबाहेर गेलेलं, आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकलेले, शिक्क्याची जागा तिसऱ्याच पानावर. लगेच कुणीतरी म्हणतंच, "फुकटचं ते शेवटी फुकटचंच." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय आणि दरवेळी मला वाईट वाटतं, कारण ज्याचा दोष फार थोडा आहे त्याच्या माथी सगळं खापर फुटतं. ती फाइल अशी वाकडीतिकडी का दिसते याच्यामागे पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे, त्यात कोर्टकचेऱ्या आहेत, जिनिव्हातल्या बैठका आहेत, एका टप्प्यावर तर भारत सरकारचं अपीलसुद्धा आहे. हे सगळं कळायला इंजिनिअर असायची गरज नाही म्हणून लिहितोय.

आधी खुलं स्टँडर्ड म्हणजे काय ते बघू. स्टँडर्ड म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेली आणि लिहून ठेवलेली पद्धत, बाकी काही नाही. ईमेलचं घ्या, तुमचा मेल एका कंपनीचा, समोरच्याचा दुसऱ्या कंपनीचा, तिसऱ्याच्या ऑफिसचा स्वतःचा सर्व्हर, तरी मेल जातो, कारण मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा द्यायचा याचे नियम, एसएमटीपी म्हणतात त्यांना, १९८२ सालीच लिहून सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत. कुणीही वाचावे, कुणीही त्यावर सॉफ्टवेअर बनवावं, कुणाला रॉयल्टी द्यायची नाही, आणि कुठलीही एक कंपनी उठून एकटीच ते बदलू शकत नाही. या सगळ्या अटी पाळल्या तर स्टँडर्ड खऱ्या अर्थानं खुलं. आता याच्या उलट बघा, व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर मेसेज जात नाही, फोन तोच, इंटरनेट तेच, तरी जात नाही. यात तांत्रिक अडचण अशी फार मोठी नाही, तो घेतलेला निर्णय आहे.

गावाकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. शेत तुमच्या नावावर, सातबारा तुमचा, पीक तुमचं, पण शेतात जायची वाट दुसऱ्याच्या वावरातून, तर तो बांधावरचा माणूस कितीही चांगला असला तरी भाव ठरवताना त्याचं पारडं जड असतं. फाइलचं तसंच आहे, मजकूर तुमचा, पण तो वाचायची पद्धत एकाच कंपनीला पूर्ण माहीत असेल तर तुमच्या स्वतःच्या पत्रापर्यंत जायला तुम्हाला त्यांच्याच वाटेनं जावं लागतं.

आणि पैसा नेमका इथेच आहे. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर कंपनी चांगलं सॉफ्टवेअर विकून कमावते, सुरुवातीला तसं असतंही, पण एकदा का एखाद्या ऑफिसात एकाच फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाइल साठवायच्या एकाच पद्धतीत, दहा वर्षांच्या फाइली साचल्या, त्यातच बनवलेले फॉर्म, मॅक्रो, हिशोबाच्या शीट, सवय झालेली माणसं, शिवाय बाहेरचे सगळे लोकही त्याच फॉरमॅटमध्ये पाठवतायत, मग ते ऑफिस दरवर्षी पैसे देतं ते सॉफ्टवेअर चांगलं आहे म्हणून कमी आणि सोडून जाणं परवडत नाही म्हणून जास्त. सोडून जायचा हा जो खर्च आहे ना, तेवढ्यापर्यंत कंपनी भाव ताणू शकते. समजा दुसरं सॉफ्टवेअर अगदी फुकट आहे पण तिकडे जायला तुमचे पाच लाख रुपयांचे कामाचे तास जाणार असतील, तर आत्ताची कंपनी तुमच्याकडून पाच लाखाच्या जरा आत कितीही मागू शकते आणि तुम्ही कुरकुरत द्याल. खुलं स्टँडर्ड आलं की हा सोडून जायचा खर्च झपाट्यानं खाली येतो, मग कंपनीला खरोखर चांगलं आणि स्वस्त काहीतरी द्यावं लागतं. विरोधाचं मूळ एवढंच आहे. बाकी जी कारणं सांगितली जातात, सुरक्षितता, गुणवत्ता, ग्राहकाचा अनुभव, त्यातल्या काहींत तथ्य आहे, त्यावर पुढे येतोच, पण मूळ हे आहे.

हा माझा संशय नाही, हे कंपनीवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ५ डिसेंबर १९९८ ला वर्ड बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी आपल्या लोकांना एक मेल पाठवला, पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात तो पुरावा म्हणून बाहेर आला. त्यात त्यांचं म्हणणं असं की ऑफिसची, म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरे ज्यात येतात त्या त्यांच्या सॉफ्टवेअरची, डॉक्युमेंट दुसऱ्यांच्या ब्राउझरमध्ये उत्तम दिसू देणं ही कंपनीचं सर्वात जास्त नुकसान करणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, त्यावर मेहनत घेणं थांबवा, आणि ऑफिसची डॉक्युमेंट आपल्याच इंटरनेट एक्सप्लोररच्या खास सोयींवर अवलंबून राहतील असं बघा. म्हणजे ग्राहकाची फाइल दुसरीकडे नीट दिसली तर कंपनीचं नुकसान, इतकं सरळ गणित.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमधलाच एक आतला अहवाल फुटला, हॅलोवीनच्या सुमारास फुटला म्हणून त्याला हॅलोवीन डॉक्युमेंट असं नाव पडलं. लिनक्ससारखं मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारं, सॉफ्टवेअर सर्व्हरच्या बाजारात का घुसतंय याचं विश्लेषण होतं त्यात, आणि कारण अगदी बरोबर ओळखलं होतं, की इंटरनेटचे नियम साधे आणि सगळ्यांसाठी सारखे आहेत म्हणून कुणीही त्यावर काम करू शकतं. मग उपाय काय सुचवला? या नियमांमध्ये आपली वाढीव भर घाला, नवे नियम बनवा, म्हणजे या लोकांना बाजारात शिरताच येणार नाही. मला हा परिच्छेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण खुल्या स्टँडर्डची ताकद त्याच्या समर्थकांपेक्षा विरोधकांनी जास्त नेमकेपणानं लिहिलीय.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या, मोठी कंपनी "आम्हाला स्टँडर्ड नको" असं कधीच म्हणत नाही. असं म्हणणं वाईट दिसतं आणि सरकारी टेंडरमध्ये चालतही नाही. ती काय करते, स्टँडर्ड स्वीकारते, मग त्यात स्वतःची भर घालते, मग ती भर इतकी पसरते की मूळ स्टँडर्डवाले मागे पडतात. उदाहरण द्यायचं तर केर्बेरॉस, नेटवर्कवर लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवायची ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झाली, खुली होती, विंडोज २००० मध्ये ती घेतली गेली, पण तिच्यातल्या मोकळ्या ठेवलेल्या एका रकान्यात मायक्रोसॉफ्टनं स्वतःची माहिती भरली आणि त्या माहितीची रचना सुरुवातीला व्यापारी गुपिताच्या अटीवर दाखवली. आता कागदोपत्री स्टँडर्ड पाळलंय, पण दुसऱ्या कुणाचा सर्व्हर त्या जागी बसवायला गेलात तर पूर्ण चालत नाही.

तर आता मूळ गोष्टीकडे, त्या वाकड्या टेबलाकडे.

वर्डचं जुनं डॉक फॉरमॅट हे वर्षानुवर्षं बाहेरच्यांसाठी बंद डबा होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फाइल उघडून एकेक बाइट तपासायचा, हा आकडा बदलला तर अक्षर जाड होतंय का, तो बदलला तर समास सरकतोय का, असं अंदाजानं शोधत बसायचं. फेब्रुवारी २००८ मध्ये कुठे मायक्रोसॉफ्टनं त्याचं वर्णन सगळ्यांसाठी खुलं केलं, तोवर जगातली बहुतेक सरकारं आणि कंपन्या त्यात पूर्ण रुतून बसलेल्या. दरम्यान सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं १९९९ मध्ये स्टारऑफिस हे ऑफिस सॉफ्टवेअर बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली, २००० मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस म्हणून खुला केला (लिबरऑफिस पुढे याच्यातूनच निघालं), आणि त्याच्याच फाइल फॉरमॅटवरून ओयासिस या स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेत २००२ पासून एक समिती काम करायला लागली, त्यातून ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट म्हणजे ओडीएफ तयार झालं. २००५ मध्ये ओयासिसची मान्यता मिळाली, २००६ मध्ये आयसो या आंतरराष्ट्रीय संस्थेची. मायक्रोसॉफ्ट ओयासिसची सभासद होती, पण त्या समितीत काही बसली नाही.

इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की ओडीएफच्या बाजूला उभे असलेले सगळे काही साधुसंत नव्हते. सन आणि आयबीएम दोघंही ऑफिस सॉफ्टवेअरच्या लढाईत हरलेले होते, आयबीएमकडे लोटसचं ऑफिस सॉफ्टवेअर होतं, ते वर्ड आणि एक्सेलपुढे मागे पडलेलं. हरणाऱ्याला खुलं मैदान नेहमीच आवडतं. पण त्यांचा हेतू काय होता यानं फॉरमॅट खुलं असण्यात फरक पडत नाही, ते सगळ्यांनाच वापरता येत होतं, मायक्रोसॉफ्टलासुद्धा.

२००५ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं ठरवलं की सरकारी कागदपत्रं खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची, आणि ऑफिसच्या कागदांसाठी ओडीएफचं नाव घेतलं. त्यांचा मुद्दा साधा होता, सरकारी कागद पन्नास-शंभर वर्षं टिकला पाहिजे आणि तो वाचायला नागरिकाला एखाद्या विशिष्ट कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागू नये. यावर मोठं वादळ उठलं. अपंग कर्मचाऱ्यांना लागणारी स्क्रीन रीडरसारखी साधनं तेव्हा ओडीएफवाल्या सॉफ्टवेअरबरोबर नीट चालत नव्हती, ही तक्रार खरी होती आणि ती ऐकली जायलाच हवी होती. पण त्याबरोबर राजकीय दबावही प्रचंड आला, राज्याचे आयटीप्रमुख पीटर क्विन यांनी वर्ष संपताना राजीनामा जाहीर केला. २००७ मध्ये त्याच राज्यानं आपल्या यादीत मायक्रोसॉफ्टचं नवं फॉरमॅटही घालून टाकलं.

हे नवं फॉरमॅट म्हणजेच डॉक्सएक्स आणि एक्सएलएसएक्स, त्याचं स्टँडर्ड म्हणून नाव ओओएक्सएमएल. सरकारं स्टँडर्ड मागायला लागली म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टनं स्वतःचंच फॉरमॅट स्टँडर्ड करून घ्यायचं ठरवलं, आधी एक्मा या युरोपातल्या संस्थेकडून डिसेंबर २००६ मध्ये, आणि मग तिथून आयसोच्या फास्ट ट्रॅकवर टाकलं. वर्णन किती पानांचं? सहा हजारांच्या वर! ओडीएफचं सातशेच्या आसपास होतं. आता फास्ट ट्रॅक म्हणजे देशोदेशीच्या समित्यांनी काही महिन्यांत हे सगळं वाचून मत द्यायचं, ते सुद्धा स्वतःची नोकरी सांभाळून. आत काय काय होतं बघा, एका ठिकाणी असं सांगितलेलं की अमुक खूण दिसली तर अंतर वर्ड ९५ जसं सोडायचं तसं सोडा. वर्ड ९५ कसं सोडायचं ते? ते मायक्रोसॉफ्टलाच माहीत! तारखांच्या हिशोबात १९०० हे साल लीप वर्ष धरलेलं, जे ते नाहीये, पण जुन्या लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती, एक्सेलनं जुळावं म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवली आणि आता ती आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये जायला निघालेली.

सप्टेंबर २००७ च्या मतदानात ते पडलं. मुख्य सभासद देशांपैकी दोन तृतीयांश पाठिंबा हवा होता, मिळाला ५३ टक्के. भारतानं आपल्या बीआयएसमार्फत, म्हणजे आयएसआय मार्क देणारी जी संस्था तिच्यामार्फत, विरोधात मत दिलं. स्वीडनमध्ये तर भलतंच झालं, मतदानाच्या जेमतेम आधी बऱ्याच नव्या कंपन्या तिथल्या समितीत येऊन दाखल झाल्या, बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या भागीदार, आणि बाजूनं मत पडलं. नंतर बाहेर आलं की मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्यानं भागीदारांना समितीत या, मत द्या, बदल्यात मार्केटिंगसाठी मदत मिळेल असा मेल पाठवला होता, कंपनीनं ते कबूल केलं आणि ती त्या कर्मचाऱ्याची चूक होती असं सांगितलं. शेवटी एका कंपनीची दोन मतं मोजली गेली या कारणावरून स्वीडनचं मत रद्द झालं.

फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवसांची बैठक झाली, हजाराच्या वर आक्षेप निकाली काढायचे होते, पाच दिवसांत प्रत्येकावर चर्चा होणं शक्यच नव्हतं, बहुतेकांवर घाऊक मतदान झालं. त्यानंतर काही देशांनी मतं बदलली आणि एप्रिलच्या सुरुवातीला ओओएक्सएमएल मंजूर झाल्याचं जाहीर झालं. भारत विरोधातच राहिला. नुसता विरोध करून थांबला नाही, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारतानंही या प्रक्रियेविरुद्ध अपील केलं, ते ऑगस्टमध्ये फेटाळलं गेलं. आपल्याकडे या गोष्टीची फार चर्चा झाली नाही, व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण ज्या देशात इतकं सॉफ्टवेअर लिहिलं जातं त्या देशानं एका तांत्रिक प्रश्नावर दोन वेळा स्वतःचं मत ठामपणे मांडलं होतं.

आता खरी मेख. मंजूर करताना या स्टँडर्डचे दोन प्रकार केले गेले, एक स्ट्रिक्ट, म्हणजे स्वच्छ, जुनाट सामान काढलेला, आणि दुसरा ट्रान्झिशनल, म्हणजे तात्पुरता, जुन्या फाइली सांभाळण्यासाठी. अपेक्षा अशी की नव्या फाइली हळूहळू स्ट्रिक्टमध्ये होतील. ऑफिस २०१० ला स्ट्रिक्ट नुसतं वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. २०१३ मध्ये लिहायची सोय आली, पण सेव्ह ॲजच्या यादीत खाली कुठेतरी. तुम्ही साधं सेव्ह दाबलं की फाइल आजही ट्रान्झिशनलमध्येच जाते. आणि डिफॉल्ट काय आहे तेच शेवटी जगात चालतं, सेव्ह ॲजची यादी उघडून खाली कोण बघत बसतंय? म्हणजे कागदावर स्टँडर्ड आहे, पण प्रत्यक्षात दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना अजूनही वर्ड नेमकं काय करतं हे बघूनच जुळवून घ्यावं लागतं. त्यात मराठीसारखी लिपी आली, जोडाक्षरं, रफार, ओळीची उंची, आणि पाठवणाऱ्याकडचा फॉन्ट घेणाऱ्याकडे नसला तर टेबल सरकायला एवढं पुरतं.

मायक्रोसॉफ्टचीही एक बाजू आहे. ते म्हणत होते की जगात अब्जावधी जुनी डॉक्युमेंट आहेत, ती जशीच्या तशी उघडली पाहिजेत आणि ओडीएफमध्ये त्यातल्या सगळ्या गोष्टी बसत नाहीत. हे खोटं नव्हतं, सुरुवातीच्या ओडीएफमध्ये स्प्रेडशीटची सूत्रं कशी लिहायची हेसुद्धा नीट ठरलेलं नव्हतं. आणि सहा हजार पानं का होईना, पण लिहून सगळ्यांसमोर आली, त्यामुळे आज लिबरऑफिसमध्ये डॉक्सएक्स पूर्वीच्या डॉकपेक्षा बरंच चांगलं उघडतं. पुढे २००९ मध्ये ऑफिस २००७ च्या सर्व्हिस पॅकमधून मायक्रोसॉफ्टनं ओडीएफही वाचायला-लिहायला घेतलं. म्हणजे दबावाचा उपयोग होतो.

दुसरा एक युक्तिवाद नेहमी येतो, स्टँडर्डमुळे प्रगती थांबते, समिती बसते, वर्षं जातात, आणि एकाच कंपनीच्या हातात असलं की नवीन सोय झटपट देता येते. यात दम आहे. ईमेल खुला आहे, म्हणूनच त्यात आजतागायत सगळ्यांसाठी आपोआप एंड टू एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणालाच मजकूर वाचता येऊ नये अशी सोय, आलेली नाही, आणि व्हॉट्सॲपनं २०१६ पर्यंत जगभर ती सुरू करून टाकली. हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण वेगानं पुढे जाता येतं म्हणून ग्राहकाला बाहेर पडायचं दार नको, हे त्यातून सिद्ध होत नाही. नवीन सोय द्या, जरूर द्या, आणि त्याचं वर्णनही द्या. ते का देत नाही याचं उत्तर पुन्हा त्या १९९८ च्या मेलमध्येच आहे.

आता वाचून असं वाटेल की एकच कंपनी खलनायक. तसं नाहीये, आणि मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९९ मध्ये चॅटच्या जगात राज्य एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचं होतं. मायक्रोसॉफ्टनं एमएसएन मेसेंजर काढला आणि त्यातून एओएलच्या लोकांशी बोलता येईल अशी सोय केली. एओएलनं ती बंद पाडली, मायक्रोसॉफ्टनं पुन्हा जुळवली, पुन्हा बंद, पुन्हा चालू, असं कितीतरी वेळा चाललं, आणि त्या काळात खुल्या स्टँडर्डची मागणी करत कोण होतं? मायक्रोसॉफ्ट! गूगलचं बघा. २००५ मध्ये गूगल टॉक आलं ते एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर, पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशीसुद्धा बोलता यायला लागलं, तेव्हा गूगल चॅटमध्ये नवखं होतं. २०१३ मध्ये हँगआउट्स आणलं आणि ते दार बंद केलं. आणि २०२२ मध्ये हेच गूगल जाहीर मोहीम चालवत होतं की ॲपलनं आरसीएस हे खुलं मेसेजिंग स्टँडर्ड स्वीकारावं, कारण अमेरिकेत ॲपलच्या आयमेसेज या मेसेजिंगपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. ॲपलनं सप्टेंबर २०२४ मध्ये आरसीएस घेतलं. ॲपल आधी का घेत नव्हतं तेही एपिक या गेम कंपनीनं ॲपलवर भरलेल्या २०२१ च्या खटल्यात उघड झालं, त्यांच्याच एका बड्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की आयमेसेज अँड्रॉइडवर आणलं तर आयफोनवाल्या घरांत मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन द्यायला जो अडथळा आहे तो निघून जाईल.

म्हणून कंपनी चांगली का वाईट असा विचार करून काही हाती लागत नाही, ती त्या बाजारात वर आहे का खाली एवढं बघा. ज्या वस्तूवर कंपनी कमावते तिथं ती बंद, आणि जी वस्तू तिच्या धंद्याला पूरक आहे ती मात्र खुली आणि स्वस्त झालेली तिला हवीच असते. इंटेलनं १९९६ मध्ये यूएसबी पुढे आणलं आणि रॉयल्टी घेतली नाही, कारण यूएसबीची वायर विकून त्यांना कमवायचंच नव्हतं, जास्त कॉम्प्युटर खपले की चिप खपणार. आणि मायक्रोसॉफ्टनं युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणारं स्टँडर्ड, मनापासून उचललं, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट देवनागरी आली, कारण जगातल्या प्रत्येक भाषेसाठी वेगळी विंडोज बनवण्यापेक्षा हे त्यांना स्वस्त आणि फायद्याचं होतं. आज आपण मोबाइलवर जे सहज मराठी टाइप करतो त्यात युनिकोडच्या या पाठिंब्याचा मोठा वाटा आहे, ते मान्य केलंच पाहिजे.

युनिकोडचा विषय निघालाच आहे तर आपल्या मराठीचंच बघू, कारण बंद पद्धतीची किंमत आपण स्वतः मोजलीय, आणि अजून मोजतोय. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं स्टँडर्ड होतं, बीआयएसनं १९९१ मध्ये मान्य केलेलं, पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेचं त्यात मोठं काम. तरी डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायच्या, धंद्यात चाललं काय, तर प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला फॉन्ट कोड. श्रीलिपी वेगळं, आकृती वेगळं, एपीएस वेगळं, कृतिदेव वेगळं. या लोकांनी मराठी छपाई कॉम्प्युटरवर आणली, फार मोठं काम केलं, त्याबद्दल आदरच आहे. पण आतून व्हायचं असं की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची, कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा कचरा. दोन हजारच्या आसपास मराठी पेपरांच्या वेबसाइट उघडायच्या तर आधी त्या त्या पेपरचा फॉन्ट डाउनलोड करून टाकायला लागायचा, आठवत असेल अनेकांना. गूगलवर त्यातलं काही सापडायचं नाही. दिवाळी अंक, पुस्तकं, संस्थांची इतिवृत्तं, ग्रामपंचायतीचे ठराव, किती मजकूर अशा फाइलींमध्ये पडून असेल, काही कन्व्हर्टरनं बाहेर निघतो, पण जोडाक्षरं आणि रफार फसतात आणि मग माणूस बसवून प्रूफं तपासावी लागतात. इथं कुणी महाकाय कंपनी नव्हती, छोट्या कंपन्या होत्या, तरी धंद्याचं गणित तेच, ग्राहकाचा मजकूर आपल्या फॉन्टशिवाय उघडला तर पुढची कॉपी कोण घेणार.

मग हे मोडतं कसं? अनुभव असा की आपोआप क्वचितच मोडतं, बाहेरून कुणीतरी जोर लावावा लागतो. युरोपियन कमिशननं मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि विंडोज सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ती माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्या असं सांगितलं. कंपनी कोर्टात गेली, सप्टेंबर २००७ मध्ये हरली, आदेश वेळेत पाळला नाही म्हणून २००८ मध्ये आणखी ८९.९ कोटी युरोचा दंड बसला. पण त्यातूनच सांबा हे विंडोजच्या मशीनशी फाइलींची देवाणघेवाण करणारं मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना २००७ च्या शेवटी ती कागदपत्रं एकदाच दहा हजार युरो भरून मिळाली, त्याआधी ते लोक नेटवर्कवरून जाणारा डेटा बघून बघून अंदाज बांधत होते. आज कित्येक ऑफिसांतल्या आणि घरांतल्या फाइल सर्व्हरच्या पोटात सांबाच चालू असतं.

आपल्याकडे तर याहून जवळचं उदाहरण रोज खिशात आहे. यूपीआय काही काटेकोर अर्थानं खुलं स्टँडर्ड नाही, ते एनपीसीआय ही बँकांची संस्था चालवते, पण २०१६ मध्ये आलं तेव्हापासून नियम असा की तुमचं ॲप कुठलंही असो, समोरच्याचं कुठलंही असो, बँक कुठलीही असो, पैसे गेलेच पाहिजेत. त्याआधी वॉलेटची काय अवस्था होती, या वॉलेटमधले पैसे त्या वॉलेटमध्ये जात नव्हते, दुकानदाराच्या गल्ल्यावर चार चार स्टिकर. भाजीवालीला आज तुमचं ॲप कुठलं हे विचारावं लागत नाही. ॲपवाल्या कंपन्यांनी हे आपणहून केलं असतं असं मला वाटत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही कागदावर आपण मागे नाही, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या स्टँडर्डचं धोरण काढलं, रॉयल्टी नसलेली स्टँडर्ड वापरायची असं त्यात आहे. तरी आजही सरकारी वेबसाइटवरून डाउनलोड केलेला कोरा अर्ज अनेकदा वर्डच्या फाइलमध्येच मिळतो. त्याउलट ब्रिटन सरकारनं २०१४ मध्ये बदल करता येतील अशा सरकारी कागदांसाठी ओडीएफ निवडलं, आणि जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये जाहीर केलं की तीस हजार कॉम्प्युटर लिबरऑफिसवर नेणार.

तुमच्या हातात सरकार नसेल, पण सोसायटीचं अकाउंटिंग, शाळेचं विद्यार्थ्यांचं रेकॉर्ड, दवाखान्याचं पेशंटचं सॉफ्टवेअर, पतपेढीचं खातेवहीचं सॉफ्टवेअर, यातलं काहीतरी निवडताना तुम्ही नक्की टेबलावर असता. तेव्हा डेमो देणाऱ्याला रंगीत ग्राफ दाखवू द्या, पण सही करायच्या आधी एवढं करून घ्या. त्यात वीस-पंचवीस खोट्या नोंदी भरायला लावा, मराठी नावं, जोडाक्षरंवाली, तारखा, रक्कम, दोन-तीन फोटो. मग सगळा डेटा बाहेर काढून द्या म्हणा, सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) किंवा ओडीएफमध्ये, नुसता पीडीएफ नको, त्यातून डेटा परत नीट काढणं अवघड जातं. ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, नावं नीट दिसतात का, तारखा जागेवर आहेत का, फोटो आले का. ही सोय करारात लिहून घ्या, तिचे वेगळे पैसे लागणार का तेही. विक्रेता "त्याची काय गरज, आम्ही आहोत ना" असं म्हणाला तर शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.